विजूकाकूच्या सिनेमांचे शेवट

थांबा, सगळं सोडून आधी हे ऐका. आत्ताच्या आत्ता लिहिलं नाही तर मी फुटेन. समोरच्या घरून आत्ता आलेय, स्वेटर-टोपीपण काढली नाहीये, आई आतून जेवायला बोलावतेय आणि मी दोन्ही अंगठ्यांनी टाइप करत सुटलेय. चुका होतील, समजून घ्या.

तुमच्यातल्या अर्ध्या लोकांनी ह्या आठवड्यात स्टेटस टाकलेत ना, ख्रिसमसच्या सुट्टीत टीव्हीवर बघायलाच हवेत असे जुने सिनेमे? रोज संध्याकाळी सहाला एक ब्लॅक अँड व्हाइट क्लासिक, वगैरे? मस्त आहेत. बघा. मला ते सगळे विजूकाकूने शिकवले. आणि विजूकाकूने त्यातल्या एकाचाही शेवट पाहिलेला नव्हता. एकाचाही नाही!

विजूकाकू म्हणजे दर्पण कॉलनीत आमच्या अगदी समोरचं घर. मुरारच्या एका शाळेत भूगोल शिकवायची. थंडीत साडीवर तपकिरी स्वेटर, पायात अंगठा वेगळा असलेले मोजे, डोक्याला मफलर, आणि ह्या अवतारात ती स्कूटीवरून धुक्यातून हॉर्न वाजवत यायची. लहानपणी मला वाटायचं की ग्वाल्हेरचं धुकं काकूच्या हॉर्नने फाटतं.

बड्या दिनाच्या सुट्टीवर तिचा भारी जीव. आमच्याकडे घरात कोणी ख्रिसमस म्हणत नाही, बडा दिनच म्हणतात. काकूचं लॉजिक एकदम क्लिअर होतं. "दिवाळीची सुट्टी फराळात जाते. उन्हाळ्याची लोणच्यात आणि नणंदांमध्ये. गणपतीत तर विचारूच नको. ही एकच सुट्टी अशी आहे बघ मनू, जिच्यात आपलं काही नाही. ना नैवेद्य, ना पाहुणे, ना सोवळं. दुसऱ्याचा सण आहे, म्हणून सुट्टी माझी आहे."

मग त्या सुट्टीत रोज सहा वाजता त्यांच्या हॉलमध्ये आमची गँग. मी, कॉलनीतली दोनचार पोरं, आणि वरच्या मजल्यावरच्या भदौरिया आंटी त्यांच्या विणकामासकट. आमच्या घरी टीव्ही होता, पण त्याच्यावर दादाचं क्रिकेट. शिवाय काकूकडे मुरैन्याची तिळगुळाची गजक असायची आणि दिवाणावर एक एवढी मोठी रजई, की सगळे तिच्यात पाय घालून बसायचो.

काकू मात्र कधी दिवाणावर बसली नाही. सोफ्यावर पण नाही. तिची जागा म्हणजे स्वयंपाकघराच्या दाराला लागून ठेवलेला वेताचा बुटका मोढा. कणीक आधीच मळून ओल्या फडक्याखाली ठेवलेली. भाजी झालेली. कुकर झालेला. आणि तिथे बसून ती सिनेमा बघायची नाही, सिनेमाचा वर्ग घ्यायची. हिरॉइन रडायला लागली की, "हळू रड गं, त्याचं बोलणं ऐकू येत नाहीये." हिरो खिडकीखाली गाणं म्हणायला लागला की, "गातोस काय मेल्या, बेल वाजव!" पत्र न वाचताच कोणी फाडलं की ती खरंच चिडायची, मोढ्यावरून अर्धी उठायची. "वाच ना आधी! ह्यांना ना, वाचायचंच नसतं काही." प्रत्येक हिरोला मार्क. दहापैकी चार. दहापैकी तीन, केसांचे वेगळे. पूर्ण दहा मी कोणाला मिळालेले पाहिले नाहीत.

आणि मग वाजायचे आठ.

काका, म्हणजे काकूचे मिस्टर, हा सगळा वेळ आतल्या खोलीत पेपर वाचायचे. सरकारी ऑफिसातून रिटायर झालेले, बोलायला एकदम सभ्य, कधी आवाज चढवलेला मी ऐकला नाही. आठ वाजता ते पेपरची घडी करायचे. बस. एवढंच. पण त्या घडीचा आवाज हॉलमध्ये यायचा, आणि काकू उठायची. स्क्रीनवर हिरॉइन गच्चीच्या कठड्यावर चढलेली असली तरी. कोर्टात जजसाहेब तोंड उघडत असले तरी. काका येऊन जेवणाच्या टेबलाशी बसायचे, रिमोट घ्यायचे, बातम्या लावायचे. आम्ही आपापल्या चपला शोधायचो.

कारण काय, तर त्यांच्या घराची पद्धत. फुलका तव्यावरून उतरला की सरळ पानात. मध्ये डबा नाही. काका समजावून सांगायचे, अगदी प्रेमाने. "आमचे पणजोबा दरबारात कारभारी होते. तेव्हापासून आमच्याकडे ठेवलेली पोळी कोणी खाल्लेली नाही. ठेवली की तिचं चामडं होतं." आणि आतून, लाटण्याच्या तालावर, काकूचा आवाज यायचा, "दरबार गेला, तवा राहिला."

काका हसायचे. खरंच हसायचे, आम्हाला सांगायचे, "बघा, कशी बोलते!" आणि पुढच्या फुलक्यासाठी पान जरा पुढे सरकवायचे.

तर मग आम्हाला शेवट कळायचे कसे? दुसऱ्या दिवशी छतावर, उन्हात. सगळ्या बायका मटार सोलायला बसलेल्या, भदौरिया आंटी सुया चालवत अधीर झालेल्या. "विजया जी, फिर आगे क्या हुआ? वो बहू का?" आणि काकू शेवट सांगायची. एवढ्या खात्रीने, की आम्हाला वाटायचं हे सगळे तिने लग्नाआधी टॉकीजमध्ये पाहिलेत.

त्या सुनेचं सांगते. मोठं घर, दोन सुना, धाकटीवर चोरीचा आळ. आठ वाजले तेव्हा ती देवघरासमोर उभी होती. काकूचा शेवट: ती कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सासूच्या मांडीत फेकते आणि झाशीला निघून जाते. तिथे तिला बँकेत नोकरी लागते.

"झाशीला?" मी विचारलं.

"हो मग. बोर्ड दाखवलाय ना स्टेशनचा. पिवळा."

ब्लॅक अँड व्हाइट सिनेमात पिवळा बोर्ड! कोणाच्याच डोक्यात नाही आलं. आंटी म्हणाल्या, "बहुत अच्छा किया उसने," आणि चुकलेले टाके उसवायला बसल्या.

अजून एक होता, गवय्याचा. ज्याचा आवाज जातो आणि बायको बांगड्या विकून घर चालवते. काकूच्या शेवटात ती बायको स्वतःच गाण्याचा क्लास काढते आणि तो एक दिवस शिकायला येतो. "मग ती काय करते?" "काय करणार? मागच्या रांगेत बसवते. उशिरा आला ना."

आम्ही हसून लोळायचो. आता आठवलं तर माहीत पडतं, की काकूच्या सगळ्या सिनेमांत शेवटी कोणीतरी ट्रंक उचलायचीच.

पण तिचा लाडका, म्हणजे ज्याच्यासाठी ती सकाळपासून गुणगुणत असायची, तो स्टेशनमास्तरचा सिनेमा. तुम्हाला आठवत असेल. आडरानातलं एक छोटं स्टेशन. मास्तर दिवसभर गाड्यांना झेंड्या दाखवतो. त्याची बायको क्वार्टरच्या खिडकीतून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघते, पण लग्न होऊन आल्यापासून ती स्वतः एकदाही गाडीत बसलेली नाही. मग एक दिवस ती ट्रंक भरते, प्लॅटफॉर्मवर येऊन उभी राहते, गाडी येते, शिट्टी होते...

आणि पेपरची घडी.

काकूच्या शेवटात ती गाडीत बसते. "आणि मजा काय माहितेय," काकू मटाराची शेंग नखाने फोडत सांगायची, "हिरवी झेंडी त्यालाच दाखवावी लागते! ड्यूटी आहे ना! तोंड पडलंय, पण दाखवतो." हे सांगताना दर वेळी तिचा चेहरा असा काही खुलायचा, की मी तो शेवट पाहिलाय असंच मला वाटायचं. शपथेवर सांगितलं असतं मी.

आणि सांगितलंच! इंदूरला हॉस्टेलमध्ये. नागपूरची एक मुलगी म्हणाली, ती गाडीत बसत नाही. मी म्हटलं, बसते. ती म्हणाली, तू पाहिलायस का? मी म्हटलं, मतलब काय, लहानपणापासून! भांडण एवढं झालं की मी तिथूनच काकूला फोन लावला, स्पीकरवर. "काकू, सांग हिला. बसते ना ती गाडीत?"

 मग काकू म्हणाली, "स्पीकर बंद कर आधी."

केला. तर म्हणते, "मनू, मला नाही माहीत गं. मी पाहिलाच नाही कधी शेवट. ह्याचा नाही, कोणाचाच नाही. लग्नाआधी माहेरी अण्णा टॉकीजला पाठवायचे नाहीत, आणि लग्नानंतर आठ वाजतात."

मी म्हटलं, थांब, आत्ता शोधून पाठवते मोबाइलवर. तर एकदम तोडून बोलली, "अजिबात नको. आणि त्या मुलीकडून ऐकून मला सांगूपण नको. शेवट माहीत करून काय करू? मला माझ्या घरात, माझ्या सोफ्यावर बसून बघायचाय. सगळ्यांसारखा. संपेपर्यंत."

बस, एवढंच मागणं होतं तिचं. पिक्चर संपेपर्यंत स्वतःच्या घरात बसणं.

त्याच्या आधी एकदा प्रयत्न झाला होता, तो पण सांगते, नाहीतर राहून जाईल. तिची सून श्वेता, भोपाळची, चांगली आहे, तिने बड्या दिनाला काकूला कॅसरोल आणून दिला. लाल, झाकणावर फूल. "आई, सहाच्या आधी करून ठेवायच्या पोळ्या, आणि निवांत बसायचं." काकूने हौसेने केल्या. काकांनी डब्यातली पोळी दोन बोटांनी उचलली, उजेडात धरली, परत ठेवली. भात घेतला. दुसऱ्या दिवशी पण भात. तिसऱ्या दिवशी शेजारीपाजारी विचारायला लागले की काकांची तब्येत बरी नाही का, सुकलेत जरा. कॅसरोलमध्ये गजक ठेवायला सुरुवात झाली.

तर गेल्या वर्षी. मी सुट्टीत घरी आले होते. काकूचा मुलगा मंदार आणि श्वेता हैदराबादहून आले होते. आणि चॅनेलवर स्टेशनमास्तर लागणार होता. सकाळी चहाच्या वेळी काकूने सगळ्यांसमोर जाहीर करून टाकलं, जसं वर्गात जाहीर करतात. "आज मी सिनेमा शेवटपर्यंत बघणार आहे."

"बघ ना," काका म्हणाले. "कोणी अडवलंय का तुला कधी?"

मंदार तर उडालाच. "आई, आज फुलके मी करणार! तू राणीसारखी बस!" त्याने लगेच लाटणं हातात घेऊन फोटो काढला, फॅमिली ग्रुपवर टाकला. पुण्याच्या आत्यांनी, नागपूरच्या मावशीने बदाम पाठवले.

सहा वाजता काकू सोफ्याच्या मधोमध बसली. पहिल्यांदा. चांगली साडी नेसली होती, मफलर काढून ठेवला होता. मोढा रिकामा. सुरुवातीला तिला हात कुठे ठेवावे तेच कळेना. पण मग रंगली. मास्तराला दहापैकी दोन दिले. "झेंडी दाखवतो की माशा हाकलतो हा?" भदौरिया आंटी हसून हसून टाके चुकल्या.

आठ वाजले. घडीचा आवाज झाला.

काकू हलली नाही. मी बघत होते, तिची बोटं सोफ्याच्या हाताला घट्ट धरून होती. काका बाहेर आले, टेबलाशी बसले. "चालू दे, चालू दे," म्हणाले. "मला काही घाई नाही."

मंदार मोबाइलमध्ये होता. "आई, किती वेळ आहे अजून साधारण?"

श्वेता उठली, आत गेली. आतून, "आई, तवा कोणता घेऊ? लोखंडी?"

"खालचा घे गं."

"आई, पीठ जरा सैल वाटतंय, चालेल?"

"चालेल."

स्क्रीनवर बायको ट्रंक भरत होती. एकेक साडी. काकू पुढे झुकली.

"आई, हा फुगत नाहीये!"

मग काका बोलले. हळू, प्रेमाने, टेबलावरच्या मिठाच्या बाटलीकडे बघत. "असू दे. मी शुगरची गोळी घेऊन बसलोय, पण असू दे. तू बघ. चक्कर आली तर पाणी पिईन."

मंदारने वर पाहिलं, आईकडे पाहिलं. वडिलांकडे नाही. आईकडे. भदौरिया आंटींच्या सुया थांबल्या.

प्लॅटफॉर्म. ट्रंक. गाडी आली. शिट्टी झाली.

काकू उठली.

जाताना तिने एकदा मागे वळून स्क्रीनकडे पाहिलं, दारात, मोढ्यापाशी. तेवढ्यात आतून श्वेता ओरडली, "आई, करपतोय!" आणि ती आत गेली.

त्या दिवशी कोणी बातम्या लावल्या नाहीत. मंदारच म्हणाला, आईचा सिनेमा आहे ना आज! मान म्हणून चालू ठेवला. आम्ही सगळ्यांनी शेवट पाहिला. सगळ्यांनी, तिच्याशिवाय. गाडी निघून जाते. धूर विरतो. ती तिथेच उभी असते, मग ट्रंक उचलून क्वार्टरकडे वळते, आणि शेवटच्या सीनमध्ये खिडकीतून चुलीचा धूर निघताना दिसतो. संगीत. समाप्त. क्लासिक.

मंदार तिथूनच ओरडला, "आई, नाही जात गं ती! परत येते घरी!"

काकांच्या तोंडात गरम फुलका होता. तो गिळून म्हणाले, "बरं केलं. जाणार कुठे?"

मी आत गेले. काकू गॅससमोर उभी होती. चांगल्या साडीवर पीठ उडालं होतं. चिमट्यात फुलका होता, फुगला, टम्म झाला, आणि तिने तो काढलाच नाही. तो फुटला, वाफ गेली, कडेने काळा पडायला लागला. तिच्यासारखी बाई, जिच्या हातून एवढ्या वर्षांत फुलक्यावर डाग पडला नसेल, ती बघत उभी राहिली, अगदी शेवटपर्यंत. मग तो उचलला, बाहेर नेला आणि काकांच्या पानात वाढला.

काकांनी तो उलटा करून पाहिला. दुसरी बाजू पण काळीच होती. खाल्ला मुकाट्याने.

"वाढू अजून?" काकूने विचारलं. त्यांनी मान हलवली. तिने अजून एक तसाच आणून वाढला. मला काकू आठवते ती अशी. चिमटा हातात, मफलर नाही, चेहऱ्यावर काही नाही.

ह्या दसऱ्याच्या सुमारास तिला डेंगू झाला आणि ती गेली. एकदम. मी इंदूरला होते, पोचेपर्यंत सगळं झालं होतं.

आता आजचं. आईने गजक दिली, म्हणाली काकांना देऊन ये, एकटे आहेत. मी गेले तर दार उघडंच. टीव्हीवर तोच सिनेमा. काका सोफ्याच्या मधोमध बसलेले, मांडीवर ताट, बाजूला तो लाल कॅसरोल, झाकणावर फूल. आठ वाजून गेले होते. स्वयंपाकाला एक दीदी येतात म्हणे, दुपारी चारला, पोळ्या करून डब्यात ठेवून जातात.

"ये मनू, बस. थोडाच राहिलाय. ह्याचा शेवट फार सुंदर आहे."

मी उभीच राहिले. त्यांनी कॅसरोलमधून पोळी काढली, न बघता, नजर टीव्हीवर, तुकडा मोडला, भाजीला लावला.

"काका, गरम करून देऊ का?"

"छे गं. चांगल्या राहतात डब्यात. मऊ." मग माझ्याकडे वळून, अगदी मायेने म्हणाले, "तुझ्या काकूला केवढं वेड होतं बघ सिनेमाचं. पण शेवटपर्यंत कधी म्हणून बसली नाही. पेशन्सच नव्हता तिला."

टीव्हीवर शिट्टी झाली. दाराजवळच्या मोढ्यावर जुन्या पेपरांचा गठ्ठा ठेवला होता, घड्या घातलेल्या पेपरांचा. मी गजक त्याच्यावर ठेवली आणि निघून आले. काका खोटं नव्हते बोलत. त्यांना खरंच तसं वाटतं.

आई परत हाक मारतेय, फुलके गार होताहेत म्हणून. तव्याचा आवाज येतोय, म्हणजे ती अजून उभीच आहे. बाबांनी टीव्ही मोठा केलाय, तोच सिनेमा, संपत आलाय.

तुमच्याकडे झालंय का असं? तुमच्या घरात सिनेमाचा शेवट बघायचा कोणाचा राहिलाय? आत्ता आत जाऊन विचारा आणि मला सांगा.